थोरलीचं कपाट

धाकटीचं सगळंच थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं. तिने कानामागे खोचलेली पेन्सिल खुपायची, जेवताना 'प्रक्रिया' असले शब्द वापरणं खुपायचं, आणि ती कधीच कुणावर ओरडत नाही हे तर फारच खुपायचं. ओरडली असती तर निदान नावं ठेवायला काही सापडलं असतं. पण या सगळ्यावर कडी केली होती ती इस्त्रीच्या टेबलाशेजारी रंगवलेल्या पिवळ्या चौकोनांनी. ते पाहिले की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे टेबल कुटुंबाच्या धुलाईघरात होतं. मामंजींनी, म्हणजे दोघींच्या सासऱ्यांनी, ते एका गळक्या शेडमध्ये सुरू केलं होतं. आता तिथे रुग्णालयांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुतले जायचे. पुढे छोटीशी कचेरी, मागे लांबलचक शेड. शेडच्या एका दाराने मळके गठ्ठे आत यायचे, निवडले जायचे, धुतले जायचे, सुकायचे, रोलरखालून इस्त्री होऊन निघायचे, घडी होऊन बांधले जायचे आणि दुसऱ्या दाराने टेम्पोत चढायचे. लग्न होऊन आली त्याच वर्षापासून या दोन दारांच्या मधलं सगळं थोरलीच्या ताब्यात होतं. कुठल्या हॉटेलच्या टॉवेलला किती नीळ, कुठल्या डॉक्टरांच्या कोटाला किती खळ, सगळं तिच्या जिभेवर. तिचा नवरा गिऱ्हाइकं आणि टेम्पो सांभाळायचा, पण शेडमध्ये आला की तोही बायकोला विचारून मगच बोलायचा.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. दीर बँकेत, त्याला चादरींशी देणंघेणं नव्हतं. पण त्याची बायको आली ती ऑपरेशन्स मॅनेजमेंटची पदवी घेऊन. संध्याकाळी ती जवळच्या एका संस्थेत तोच विषय शिकवायची.

"म्हणजे नेमकं काय गं शिकवतेस तू?" थोरलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"ताई, जे काही बनवायचं किंवा कुणाला करून द्यायचं, ते नीट, वेळेवर आणि कमीत कमी वाया घालवून कसं करायचं ते. माणसं, यंत्रं, माल, वेळ, सगळ्यांची सांगड घालायची."

"म्हणजे घर चालवणं."

"अगदी तेच!" धाकटी खुश होऊन म्हणाली. "मी वर्गात हेच उदाहरण देईन."

थोरलीने चिमटा काढला होता आणि या बाईने तो कौतुक म्हणून पदरात घेतला होता. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

पुढच्या वर्षी मामंजींनी शेडची देखरेख धाकटीकडे दिली. "करून बघू दे तिला," ते म्हणाले, "तुझेही गुडघे दुखतात." थोरलीचे गुडघे दुखायचे हे खरं होतं, पण ते तिचं खाजगी दुखणं होतं, मामंजींनी कारण म्हणून वापरायला ठेवलेलं नव्हतं. धाकटीने तिला इस्त्रीखातं दिलं आणि वर म्हणाली, "सगळ्यांत नाजूक काम आहे ताई, दुसऱ्या कुणाला द्यायला भीती वाटते." थोरलीने नाक मुरडलं आणि इस्त्रीखातं घेतलं.

मग आले ते चौकोन. आधी शेडमध्ये जिथे तिथे ढीग असायचे. धुतलेल्यांचा ढीग, सुकलेल्यांचा ढीग, इस्त्री झालेल्यांचा ढीग. थोरलीला ढीग पाहिले की बरं वाटायचं. ढीग म्हणजे काम झालं. धाकटीने ढीग उचलले आणि प्रत्येक टेबलाशेजारी पिवळ्या रंगाने चौकोन आखले. पुढच्या खात्याने चौकोनातला माल उचलला आणि तो रिकामा दिसला, की मागच्याने काम करायचं. चौकोन भरलेला असेल तर थांबायचं.

"थांबायचं म्हणजे?" थोरलीने विचारलं.

"थांबायचं. टेबल पुसा, यंत्र बघा, बसा."

"हात बांधून बसायला मी काय शाळेत आलेय?"

"ताई, ढीग असला ना की त्याच्याआड सगळं लपतं. यंत्र बिघडलं तरी कळत नाही, कारण पुढचा माणूस ढिगातलं घेत राहतो. चौकोन रिकामा राहिला की लगेच दिसतं, कुठे अडलंय ते."

बायकांना चौकोन आवडले. पाय ठेवायला जागा झाली, संध्याकाळी वेळेवर घरी जाता येऊ लागलं. टेम्पो वेळेवर सुटू लागला म्हणून थोरलीचा नवराही एका रात्री जेवताना म्हणाला, "काय डोकं आहे गं त्या पोरीचं!" थोरलीने त्याच्या पानात भाजी वाढली ती अशी, की त्याने पुढचा घास मुकाट्याने गिळला.

खरा घाव बसला तो मात्र एका रविवारी. सगळे जेवायला बसले होते. संस्थेत पुढच्या सत्रात नवा वर्ग सुरू व्हायचा होता आणि पहिल्या तासाला विषयाची ओळख आणि त्याचा इतिहास सांगायचा होता. मामंजी म्हणाले, "आम्हाला सांग की. आमच्यावर तालीम कर." धाकटीने पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली. फार पूर्वी एकच कारागीर अख्खी वस्तू बनवायचा, ती म्हणाली, आणि वस्तूवर त्याचा हात ओळखू यायचा. मग लोकांच्या लक्षात आलं की टाचणीसारखी साधी गोष्टसुद्धा एकाने तार ओढायची, दुसऱ्याने कापायची, तिसऱ्याने टोक करायचं अशी वाटून केली तर ढिगाने होते.

थोरलीचा हात ताटातच थांबला. हे तर तिने केलं होतं! ती नवी नवरी होऊन आली तेव्हा या धुलाईघरात प्रत्येक बाई एकेका गिऱ्हाइकाचा गठ्ठा घ्यायची आणि धुण्यापासून घडीपर्यंत सगळं एकटीच करायची. थोरलीनेच एके दिवशी सांगितलं होतं: तू फक्त धू, तू फक्त इस्त्री कर, तू फक्त घड्या घाल. त्यानंतर कामाने असा वेग घेतला की मामंजींनी वर्षभरात यंत्रं आणली. टाचण्यांचं पुस्तक तिने कुठे वाचलं होतं? आता धाकटी म्हणेल, 'जसं आपल्या ताईंनी इथे केलं,' म्हणून थोरली सावरून बसली. चेहऱ्यावर थोडा नम्रपणाही आणून ठेवला.

धाकटी बंदुकांकडे वळली. बंदुकीचे भाग अगदी एकसारखे बनवायला लागल्यावर कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला कसा बसू लागला, मग घड्याळ लावून कामगाराच्या हालचाली कुणी मोजल्या, मग मोटारीच कामगारांपुढून सरकत जायला लागल्या, मग गुणवत्ता शेवटी तपासण्याऐवजी कामातच कशी आली. थोरली टाचण्यांपाशीच बसून राहिली होती.

"वा!" मामंजी म्हणाले. "वा, वा!"

इतक्या वर्षांत थोरलीच्या वाट्याला या माणसाकडून 'बरं' आणि 'ठीक' यापलीकडे काही आलं नव्हतं. ती म्हणाली, "मामंजी, पण ते कामं वाटून द्यायचं तर मी—"

"थांब गं," मामंजी म्हणाले, "तिला पुरं करू दे."

धाकटीला बिचारीला काही माहीतच नव्हतं. तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं आणि थोरलीने स्वतःहून सांगणं म्हणजे मागून कौतुक घेणं. पण हेवा असल्या चौकशा करत बसत नाही. थोरली ताटावरून उठली, भांडी जरा जास्तच आपटून घासली, आणि तिथे नळाखाली हात धुताना तिला ते कपाट आठवलं.

बॉयलरच्या खोलीमागे एक जुनं पत्र्याचं कपाट होतं. पूर्वी त्यात यंत्रांची आच्छादनं असायची, आता त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. थोरली दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी शेडमध्ये यायला लागली. रोलर तापवायचा, सुकलेल्या चादरी त्यातून काढायच्या, घड्या घालायच्या आणि कपाटात रचायच्या. मग दिवसभर चौकोन रिकामा झाला रे झाला, की बॉयलरच्या खोलीत एक फेरी आणि चौकोन भरलेला. बांधणीच्या बायका मान वर करेपर्यंत चादरी हजर. नेमका हेतू काय, हे तिने स्वतःलाही धड विचारलं नव्हतं. हिच्या चौकोनाला माझं खातं रिकामं कधी दिसूच द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

"ताई, तुमचं खातं सगळ्यांत चोख आहे," धाकटी म्हणाली.

"हात आहे तो," थोरली म्हणाली. "पुस्तकात मिळत नाही."

मामंजींच्याही कानावर गेलं. "थोरलीचा हात अजून चालतो हं," असं ते कचेरीत कुणाला तरी सांगत होते आणि थोरली दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला ते इतकं गोड लागलं की ती आणखी लवकर यायला लागली. खांदा भरून यायचा, गुडघे कुरकुर करायचे, पण धाकटीच्या नाकावर टिच्चून भरलेल्या त्या चौकोनाकडे पाहिलं की सगळं वसूल.

मधल्या काळात रोलर बिघडत चालला होता. आधी चादर एकदा घातली की कडक होऊन निघायची. आता दोनदा घालावी लागायची, तरी कडा ओलसरच. थोरलीला हे कळत नव्हतं असं नाही. जन्म गेला होता तिचा त्या यंत्रापुढे. पण सांगायचं तर धाकटी विचारणार, 'मग तुमचे चौकोन इतके वेळेवर कसे भरतात?' म्हणून ती मूग गिळून बसली. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हणाली, आणि उणीव कपाटातून भरत राहिली. धाकटी रोज चौकोन बघून जायची. चौकोन भरलेले आहेत म्हणजे रोलर धड आहे, असं तिच्या हिशेबाने बरोबरच होतं.

मोठ्या रुग्णालयाचा नवा विभाग सुरू व्हायचा होता. सगळ्या खाटांच्या चादरी, अभ्रे, पांघरुणं एकाच दिवशी पोचवायची होती. त्याच्या आदल्या दुपारी रोलर थंड पडला. थोरलीने बटणं दाबून पाहिली, बाजूला थापट्या मारल्या, मग कपाटाकडे धावली. चादरी आणल्या, पुन्हा आणल्या, आणि शेवटी हात घातला तर बोटांना मागचा गार पत्रा लागला. चौकोन रिकामा झाला. मग बांधणीचा, मग टेम्पोपाशी उभे असलेले हमाल रिकामे झाले. धाकटी पळत आली.

"असं कसं झालं? काल तर सगळं ठीक होतं!"

"यंत्र आहे," थोरली म्हणाली. "बंद पडायचंच."

मिळतील तेवढ्या हातइस्त्र्या काढल्या, शेजारच्या शिंप्याकडून आणल्या, बायका घाम पुसत उभ्या राहिल्या. धाकटीही पदर खोचून इस्त्री करत होती आणि तिला इस्त्री करता येत नव्हती. तिचा हात भाजला तेव्हा थोरलीला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली, पण दोन्हींकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. अर्ध्याहून जास्त चादरी ओल्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी नव्या विभागात काही रुग्ण उघड्या गाद्यांवर झोपले, आणि रुग्णालयाने निम्मं काम दुसऱ्या धुलाईघराला देऊन टाकलं.

मामंजींनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. ते चिडले की हळू बोलायचे. "ढीग असता तर निभावलं असतं," ते म्हणाले. "आमच्या वेळी ढीग होते. यंत्र बंद पडलं तरी गिऱ्हाइकाला कळायचं नाही."

"चूक माझी आहे, मामंजी," धाकटी म्हणाली.

"उद्यापासून देखरेख थोरलीकडे."

झालं. थोरली जिंकली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः गुडघ्यांवर बसून रॉकेलच्या बोळ्याने पिवळे चौकोन पुसून काढले आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पुन्हा छान ढीग झाले. दोन-तीन दिवस तिला जेवण गोड लागलं. मग नवऱ्याने सांगितलं की धाकट्याने बँकेत बदली मागितली आहे. धाकटीला दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात पूर्ण वेळची नोकरी मिळत होती, दोघं महिनाअखेर जाणार होते.

"जाऊ देत," थोरली म्हणाली. "मोठी शिकलेली माणसं."

पण एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. एके दिवशी तिने डागांच्या कोटांसाठी भिजवण्याची नवी पद्धत काढली, डाग पार गेले, आणि ती कोट हातात धरून वळली ती धाकटी जिथे उभी असायची त्या कोपऱ्याकडे. देखरेख गेल्यापासून ती शेडमध्ये येत नसे; तिथे कुणी नव्हतं. कोट फार छान निघाला होता आणि तो बघून कुणाला वाईट वाटेल असं माणूस शेडमध्ये उरलं नव्हतं.

जाण्याआधी धाकटीला एक काम पुरं करायचं होतं. नव्या वर्गाला धुलाईघर दाखवायचं आणि पहिला तास तिथेच घ्यायचा, हे आधीच ठरलेलं होतं. मुलं-मुली आली, पालथ्या घातलेल्या टोपल्यांवर बसली. मामंजी पुढे खुर्चीवर. थोरलीला 'मला वेळ नाही' असं म्हणायचं होतं, म्हणून ती टॉवेलांच्या ढकलगाडीआड उभी राहून टॉवेल मोजण्याचं सोंग करू लागली.

धाकटीने तोच इतिहास सांगितला. कारागीर, टाचण्या, बंदुका, घड्याळ, सरकत्या मोटारी. थोरलीला तो एव्हाना पाठ झाला होता. मग धाकटी थांबली आणि म्हणाली, "आता या शेडची गोष्ट. इथे मी ढीग काढले. पण एका माणसाने आपला एक ढीग कपाटात लपवला. त्या ढिगाने आठवडेच्या आठवडे यंत्राचा बिघाड झाकला, आणि ढीग संपला त्या दिवशी सगळं एकदम कोसळलं. पद्धत अशी मोडते. बाहेरून सगळं भरलेलं दिसत असताना."

ढकलगाडीआड थोरलीची खोटी मोजणीही चुकली. हिला कपाट सापडलं होतं! तळाशी एखादी घडी राहून गेली असणार. आणि इतके दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती.

मामंजी खुर्चीत पुढे झुकले. एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "पण मॅडम, लपवलं कुणी?"

"ते मी विचारलं नाही," धाकटी म्हणाली. "माणूस काम लपवतो तेव्हा त्याला कशाची तरी भीती असते. ती भीती त्याच्या मनात का आली, ते बघणं व्यवस्थापकाचं काम. मी बघितलं नाही. त्यामुळे लपवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. चूक व्यवस्थापकाची, म्हणजे माझी."

सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. थोरलीने त्या खाली गेलेल्या माना पाहिल्या आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं. तिच्या त्या पहाटा, तो भरून आलेला खांदा, ती सगळी लबाडी! आयुष्यात एवढा मोठा उपद्व्याप तिने पहिल्यांदाच केला होता, आणि तोसुद्धा ही बया आपल्या नावावर जमा करून मोकळी झाली होती. पोरं तिचा शब्दन् शब्द लिहून घेत होती, वर्गात आता हेच शिकवलं जाणार होतं, की किती मोठ्या मनाची ही व्यवस्थापक! आणि भीती? कुणाची, हिची?

ढकलगाडी धाडकन पुढे आली. टॉवेल जमिनीवर पडले.

"भीती-बिती काही नाही!" थोरली ओरडली. "कपाट माझं. चादरी मी लपवल्या. रोलर बिघडलाय हे मला महिन्याभरापासून माहीत होतं. चूक माझी आहे, हिची नाही. हिने उगीच घेऊ नये!"

मामंजी उभे राहिले. धाकटीच्या चेहऱ्यावरचं सगळं शहाणपण उतरलं होतं आणि आत जे होतं तो राग होता.

"तुमच्याकडे इस्त्रीखातं होतं, मला शंका यायला हवी होती," ती म्हणाली. "पण मी म्हटलं, ताई नाही असं करणार. का केलंत?"

"हेवा वाटला म्हणून."

"कशाचा?"

"तुझ्या त्या इतिहासात मी कुठेच नाही, त्याचा! टाचण्या आहेत, बंदुका आहेत, मोटारी आहेत. या शेडमध्ये कामं वाटून दिली ती मी. एकीने धुवायचं, एकीने इस्त्री. त्यावर हे सगळं उभं राहिलं. विचार यांना."

धाकटी मामंजींकडे वळली. "हे मला कुणी सांगितलं नाही."

मामंजींनी घसा साफ केला. "मला वाटलं, तुला माहीत असेल," ते म्हणाले. मग थोरलीकडे न बघता पुढे म्हणाले, "देखरेख परत धाकटीकडे. आजपासून."

"मी जातेय, मामंजी," धाकटी म्हणाली.

चष्मेवाली मुलगी मोठी चिकाटीची होती. आजूबाजूला घर मोडायची वेळ आली होती आणि तिचा प्रश्न अजून शिल्लक होता. "पण मावशी," ती थोरलीला म्हणाली, "पुस्तक न वाचता तुम्हाला ते कामं वाटून द्यायचं सुचलं कसं?"

हा प्रश्न थोरलीला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर तयार होतं: डोकं चालवलं, कामाची कळकळ होती. तिने तोंड उघडलं आणि समोर मामंजी दिसले. तिला ते उत्तर बोलता येईना, कारण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे तिला या क्षणी, इतक्या माणसांसमोर, पहिल्यांदाच कळत होतं.

"माझी नणंद होती इथे," ती म्हणाली. "यांची मुलगी. प्रत्येकीचा गठ्ठा वेगळा असायचा तेव्हा. तिच्या हातचे कपडे असे निघायचे की गिऱ्हाइकं मागून घ्यायची, तिलाच द्या म्हणून. मी नवीन. माझा गठ्ठा कुणी मागायचं नाही. मग मी म्हटलं, कामं वाटून टाकू. एकीने हे, दुसरीने ते. म्हणजे कुठला गठ्ठा कुणाचा, हेच उरणार नाही. तिला मी दिल्या घड्या."

कुणी लिहीत नव्हतं.

"तिला कळलं," थोरली म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मला एवढंच म्हणाली, 'वहिनी, आता माझा हात कुठाय यात?' आठ दिवस घड्या घातल्या आणि आली नाही परत. लग्न होऊन गेली, माहेरी येते, जेवते, पण शेडमध्ये पाऊल ठेवत नाही. तसा पांढरा रंग नंतर इथे कधी निघाला नाही. मी यंत्रांना नावं ठेवत राहिले."

मामंजी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं ते लोकांना सांगत आले होते की पोरीचं मन कामात नव्हतं.

थोरली धाकटीजवळ गेली. "तू जाऊ नकोस," ती म्हणाली. हुकूम करायची सवय होती म्हणून ते हुकमासारखंच आलं, मग आवाज फाटला. "मला देखरेख नको. मी निवडीला बसेन, मळके गठ्ठे उघडायला बसेन. पण जाऊ नकोस गं. तू गेलीस तर मी हेवा कुणाचा करू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. धाकटी हसली नाही.

"माणसं उघड्या गाद्यांवर झोपली, ताई. आजारी माणसं."

"माहीत आहे."

"मी तुमच्यासाठी थांबणार नाही."

"बरं."

धाकटीने भाजलेल्या हातावरची पट्टी उगाच दाबून बसवली. "वन्संना फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता. मी नाही, मामंजी नाही, तुम्ही. जे इथे सांगितलंत ते त्यांना सांगा. त्या आल्या तर मी थांबते."

म्हणजे एकीच्या जागी दोघी. दोघींचा हात आपल्यापेक्षा चांगला, आणि रोज डोळ्यांसमोर. थोरलीच्या पोटात लगेच जुनी कळ आली, ओळखीची, अगदी वेळेवर. तिने नवऱ्याचा जुना फोन कमरेतून काढला. त्यात नणंदेचा नंबर नव्हता. तिने तो कधी घेतलाच नव्हता.

"नंबर आहे का कुणाकडे?" तिने विचारलं.

मामंजींनी खिशात हात घातला नाही, चष्माही लावला नाही. मान खाली घालून ते एकेक आकडा सांगू लागले.